वहिनीच्या तीन कवळ्या

दहा वर्षांचा असताना माझा दादा आठवड्यातून दोनदा तरी मरायचा.

बाबांनी त्याला ‘बिनकामाचा’ म्हटलं की तो आतल्या खोलीत जायचा, पलंगावर उताणा पडायचा आणि पायांपासून डोक्यापर्यंत चादर ओढून घ्यायचा. मी तेव्हा पाच वर्षांची. माझं काम ठरलेलं होतं. मी कडेला बसून रडायचं आणि मेलेला किती चांगला होता ते सांगायचं. ‘माझ्या दादाची चित्रं किती छान असायची,’ मी म्हणायचे. चादरीखालून आवाज यायचा, ‘आणखी.’ ‘माझा दादा कध्धी खोटं बोलायचा नाही.’ ‘ते राहू दे, दुसरं सांग.’ अशा चार-पाच गोष्टी झाल्या की तो चादर भिरकावून उठायचा आणि आम्ही दोघं काही झालंच नाही अशा थाटात खेळायला पळायचो. एकदा मला सडकून भूक लागली होती, म्हणून मी दोनच गोष्टी उरकल्या आणि निघून गेले. तो संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता. आईने चादर ओढली तेव्हा तो घामाने निथळत होता आणि डोळे मिटलेलेच होते.

मला तो खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता हे समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. हुशारीबद्दल मी कधीच प्रसिद्ध नव्हते.

दादा कवळ्या करतो. म्हणजे तो दातांचा डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या मागे जो माणूस असतो, ज्याचं तोंड रोग्याला कधी दिसत नाही, तो. डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, त्यावर मेणात दात बसवतो आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या येतात. आमची लॅब म्हणजे दादा-वहिनीच्या राहत्या घराखालची एक लांबट खोली. एका टोकाला मोठी खिडकी, खिडकीपुढे दादाचं टेबल, आणि भिंतींवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, शेकड्यांनी. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. मी तिथे पॉलिश करते. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दादाने मला एक अक्षर विचारलं नाही, फक्त पॉलिशच्या मोटरीपुढे एक स्टूल आणून ठेवलं. मी सांगतेय त्या वेळी मला त्या स्टुलावर बावीस वर्षं झाली होती. चिठ्ठ्या लिहिण्याचं कामही माझंच. डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते कागदाच्या तुकड्यावर उतरवायचं आणि तो तुकडा रबराने जबड्याला बांधायचा.

पहिल्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट शिकवली. ‘बुटके,’ तो म्हणाला. तो मला बुटकीच म्हणतो, त्याच्यापेक्षा मी दोन बोटं उंच असले तरी. ‘उजवं म्हणजे तोंडवाल्याचं उजवं. आपलं नव्हे. आपण समोर बसून बघतो, त्यामुळे आपलं उलटं होतं. हे एक विसरलीस तर बाकी सगळं शिकून उपयोग नाही.’

दादाची कवळी परत येत नाही, असं डॉक्टर लोक एकमेकांना सांगायचे. ते खरंच होतं. त्याच्या हातचे दात बघून हे खोटे आहेत असं कोणाच्या मनातही यायचं नाही. सगळे दात एका रांगेत, एका मापाचे बसवले की झालं, असं त्याचं नव्हतं. कुठे एखाद्या दाताची कड किंचित झिजवेल, कुठे एखादा केसभर तिरका ठेवेल. ‘एकसारखे दात जाहिरातीत शोभतात,’ म्हणायचा, ‘माणसाच्या तोंडात माणसाचेच दात हवेत.’ असं काही जमलं की त्याची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची मला काळजी वाटायची. मग तो जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. पन्नाशीला आलेला हा माणूस एकदा गच्चीच्या कठड्यावर उभा राहून, कशालाही न धरता, पाण्याच्या टाकीची तोटी बदलत होता. खाली वहिनीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा वरून शीळ घालतोय. त्या सकाळी एका डॉक्टरांनी फोन करून सांगितलं होतं, ‘तुमच्यासारखा हात दुसरा नाही.’

आणि एखाद्या डॉक्टरांनी ‘जरा घासून द्या, टोचतंय’ एवढं जरी म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्तमानपत्रात निधनाच्या बातम्या वाचत बसायचा. वाचायचा म्हणजे वयं बघायचा. बोट वयावरून सरकत जायचं. वहिनीला आणि मला हे पाठ झालं होतं. मी सकाळी वर गेले की तिला हळूच विचारायचे, ‘आज कुठलं पान?’ ‘खेळाचं,’ असं ती म्हणाली की मी निर्धास्त. ‘ते पान,’ म्हणाली की दिवसभर मोटर हळू चालवायची आणि तोंड बंद ठेवायचं. आम्ही याच्यावर हसायचो सुद्धा. त्याचा राग येतो मला आता, आमच्या हसण्याचा.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंचं काम आलं. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, निवृत्त होऊनही वीस वर्षं झालेली. त्यांना नवी कवळी हवी होती, आणि ती त्यांच्या तरुणपणच्या दातांसारखीच हवी होती. वरच्या रांगेत, उजवीकडचा दुसरा दात शेजारच्यावर थोडा चढलेला. त्यांच्या यजमानांची आठवण पुसत चालली होती, आणि बाईंना वाटत होतं की ते हसू पाहिलं तर ते आपल्याला ओळखतील. डॉक्टरांनी ठशांबरोबर बाईंचा जुना फोटो पाठवला आणि तो लगेच परत मागितला, कारण तो एकच होता. मी फोटो बघितला, चिठ्ठी लिहिली, फोटो परत दिला. दादाने चिठ्ठीप्रमाणे दात बसवले.

मेणातली कवळी आधी तोंडात घालून बघतात. बाईंनीही बघितली. एका हातात फोटो, एका हातात आरसा. दोन्हींत तिरका दात एकाच बाजूला दिसला. बाई खूश झाल्या. आरसा उलटं दाखवतो हे ना त्यांच्या लक्षात आलं ना डॉक्टरांच्या. पक्की कवळी लावून त्या घरी गेल्या, यजमानांसमोर बसून हसल्या, आणि यजमानांनी तोंड फिरवलं. मुलीने मग फोटो शेजारी धरून बघितलं. दात चुकीच्या बाजूला होता.

दादाला दवाखान्यात बोलावून घेतलं. बाईंनी कवळी काउंटरवर ठेवली, भरल्या दवाखान्यात, आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, ‘हे माझं हसू नाही.’ दादाने कवळी उचलून दोन सेकंद पाहिली. म्हणाला, ‘माझ्या हातून झालं.’ डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. ‘होतं हो. वय झालं आता. डोळे तरी किती साथ देणार?’

हे सगळं मला दवाखान्यातल्या मदतनीस बाईने फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि जिन्यात उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाले, ‘थकलाच गं शेवटी बिचारा.’ हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

दादाने दोन दिवसांत बाईंना नवी कवळी करून दिली. त्यानंतर त्या डॉक्टरांची कामं हळूहळू कमी झाली, मग एका यंत्रवाल्या मोठ्या लॅबकडे गेली. बाकीचे डॉक्टर होतेच, हाताला काम होतं. पण दादा बदलला. गंमत म्हणजे, आधी मला तो सुधारला असंच वाटलं. तो चिडेना. माझ्या पॉलिशमध्ये बावीस वर्षं खोट काढणारा माणूस. कवळी उजेडात धरून तिरकी करायचा आणि ‘बुटके, हे पॉलिश आहे की थुंकी?’ म्हणायचा. आता मी काहीही पुढे केलं की न बघता म्हणायचा, ‘ठीक आहे.’ मी एकदा मुद्दाम ओरखडा ठेवून दिला. ‘ठीक आहे.’ घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. पाण्याच्या मुख्य चावीवर: ‘बंद करताना उजवीकडे.’ विजेच्या बोर्डावर, कुठलं बटण कुठल्या खोलीचं. वहिनीला त्याने नळाचा वायसर बदलायला शिकवलं. निधनाचं पान तो आता वाचत नव्हता, आणि आम्ही दोघी खुळ्या त्यानेही खूश झालो.

मग एके दिवशी त्याने मला त्याची मेण कोरायची सुरी दिली. हाडाच्या मुठीची, त्याच्या गुरूंनी दिलेली. मी तिला हात लावला तर पूर्वी तो डोळे वटारायचा. ‘घे,’ म्हणाला, ‘तुझा हात बसलाय आता.’ मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी ती सुरी रुमालात गुंडाळून माझ्या खोलीवर नेली आणि दिवसभर मिरवल्यासारखी वागले. समोर वाढून ठेवलेलं संकट मला दिसलं नाही, मला माझं कौतुक दिसलं.

महिन्याभराने मला घासायला खडबडीत कागद हवा होता. दादा वर जेवायला गेला होता. त्याच्या टेबलाचा खालचा खण मी सहसा उघडत नाही, पण उघडला. आत एका डब्यात तीन कवळ्या होत्या.

दात बघताच मी ओळखलं. वहिनीचे. हिरड्यांच्या रोगाने तिचे सगळे दात पंचेचाळिशीतच गेले, आणि दादाने तिला जी कवळी करून दिली तिच्यासारखं काम त्याने पुन्हा केलं नाही. तेच दात, तीच डावीकडची जरा झिजलेली कड. पण तीन का? उलट्या करून बघितल्या. आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे होते. साठ. सदुसष्ट. पंचाहत्तर. आणि गुलाबी भाग प्रत्येकीत जास्त जाड होत गेलेला.

हे समजायला आमच्या धंद्यातलं माणूस लागतं. दात गेले की जबड्याचं हाड वर्षावर्षाला झिजत जातं, म्हणून दर काही वर्षांनी कवळी नव्याने करावी लागते. दादाने वहिनीच्या जुन्या जबड्याचं प्लास्टर घेऊन ते अंदाजाने खरवडलं होतं. साठाव्या वर्षी इतकं झिजेल, सदुसष्टाव्या वर्षी इतकं, पंचाहत्तराव्या वर्षी इतकं. वहिनी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. तो तिला पुढच्या अठरा वर्षांचे दात देऊन ठेवत होता.

मी खाली बसले, तेव्हा डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद दिसला. माझीच चिठ्ठी. माझं अक्षर. ‘मोठ्या बाई. वर, डावा, दुसरा, थोडा चढलेला.’

डावा. मी फोटो समोर धरला आणि माझ्या बाजूने लिहिलं. पहिल्या दिवशी शिकलेली पहिली गोष्ट.

दादा जिना उतरून आला तेव्हा मी जमिनीवरच बसले होते, मांडीत तीन कवळ्या आणि हातात चिठ्ठी. तो दारातच थांबला. मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

‘दादा, तू मरायचा विचार करतोयस का?’

वाटलं, आता हा भडकेल. भडकला असता तर बरं झालं असतं. तो त्याच्या खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

‘मी करत नाही,’ तो म्हणाला. ‘तो येतो. सकाळी दात घासताना येतो. इथे बसलो की येतो.’

‘किती दिवस?’

‘काम चांगलं चालू होतं ना, तेव्हा महिनोन्महिने माणसं मरतात हे माझ्या ध्यानातही नसायचं. या फळ्यांवरचे निम्मे तरी गेलेत, बुटके. मला नुसते जबडे दिसायचे. आता हात लावला की मेलेला माणूस दिसतो. आणि मग वाटतं, यांच्यात आपला एक. काय फरक पडतोय? तुला काम येतं. हिची सोय केली.’

‘सोय!’ मी ओरडले. ‘ही चिठ्ठी माझी आहे.’

‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘त्याच दिवशी. काउंटरपाशी उभा होतो, खिशात हात घातला तर जबड्यावरून सोडून नेलेली चिठ्ठी होती.’

‘मग बोलला का नाहीस? त्या डॉक्टरच्या तोंडावर का नाही मारलीस? अख्खा दवाखाना तुला म्हातारा म्हणत होता आणि तू माझं पांघरूण होऊन उभा राहिलास? कोणी सांगितलं होतं?’ मला राग आला की मी समोर कोण आहे, कशात आहे, काही बघत नाही. नाकावर राग आहे माझ्या, आणि त्या दिवशी तो खरं तर माझ्यावरचाच होता.

‘चुकीचं मला काही वाटलं नाही गं,’ तो म्हणाला. ‘चूक कोणाचीही होते. मी म्हणालो, माझ्या हातून झालं. आणि मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, छे, शक्य नाही. चाळीस वर्षं झाली. एक तरी म्हणेल.’ त्याने फळ्यांकडे पाहिलं. ‘कोणाला आश्चर्यच वाटलं नाही.’

मी चिठ्ठीची घडी घालायला लागले.

‘घरी आलो,’ तो म्हणाला, ‘तर जिन्यात तू हिला सांगत होतीस.’

मला ती चादर आठवली. मी पुन्हा पलंगाच्या कडेला बसले होते आणि माझं काम मला ठाऊक होतं. माझा दादा किती चांगला होता ते सांगायचं, चार-पाच गोष्टी, की तो उठतो. जिभेवर आल्या होत्या त्या सगळ्या. पण माझ्याने म्हणवेना. पाच वर्षांची असताना मी त्याला उठवायला काहीही सांगायचे, सुचेल ते. आता त्याने तेच ओळखलं असतं.

‘नाही वाटलं मला आश्चर्य,’ मी म्हणाले. ‘मी लगेच मानलं. बावीस वर्षं तुझ्या शेजारी बसून. चूक माझी, आणि मी तुला थकलेला ठरवून मोकळी झाले.’ मग मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने, या वेळी नाटक नव्हतं.

‘खरं बोललीस ते बरं केलंस,’ तो म्हणाला. त्याचाही आवाज ओला होता. पण तो खुर्चीतून हलला नाही. मी खरं बोलले म्हणून तो बरा झाला नाही, हे मी सांगते, कारण मला वाटलं होतं की होईल.

मग मी पंचाहत्तर लिहिलेली कवळी त्याच्या तोंडापुढे नाचवली. ‘आणि ही कोणाला बसणार आहे? तूच सांगायचास ना, जबडा आगाऊ मोजता येत नाही म्हणून? कोणाचा उजवीकडे झिजतो, कोणाचा पुढून झिजतो, ते त्या वेळी ठसा घेतल्याशिवाय देवालाही कळत नाही म्हणून?’

‘अंदाज येतो.’

‘डोंबलाचा अंदाज!’

‘काय चाललंय?’ वहिनी दारात होती. ती वाचनालयात कामाला जाते, चारला येते. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. खांद्यावरची पिशवी तशीच होती. ती आत आली, माझ्या हातातली कवळी घेतली, उलटी केली, आकडा वाचला. मग मांडीतल्या दोन्ही घेतल्या आणि त्यांचेही आकडे वाचले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. बारा वर्षं या माणसाच्या हातचे दात तोंडात वागवतेय ती.

वहिनीने दादाशिवाय कोणासमोर कधी कवळी काढली नव्हती, माझ्यासमोरही नाही. आजारी असतानाही नाही. त्या दिवशी तिने खिडकीच्या उजेडात तोंडात बोट घातलं, कवळी काढून टेबलावर ठेवली, आणि तिचा चेहरा एकदम आत गेला. मग तिने पंचाहत्तरवाली तोंडात घातली. ती नीट बसेना, डुगडुगायला लागली. ओठ मिटेनात. तिने दात आपटून बघितले आणि डोळे घट्ट मिटले.

‘टोचतंय,’ ती म्हणाली. शब्द धड फुटत नव्हता.

‘कुठे?’ दादा म्हणाला.

कित्येक आठवड्यांत त्याने कोणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. विचारून तो उठलासुद्धा होता, आणि हात आपोआप टेबलावरच्या जांभळ्या पेन्सिलीकडे गेला होता, जिने टोचणाऱ्या जागेवर खूण करतात तिच्याकडे.

वहिनीने कवळी काढून मुठीत धरली. बोळक्या तोंडाने, एकेक शब्द सावकाश बोलत ती म्हणाली, ‘आज नाही सांगणार. ही पंचाहत्तराव्या वर्षाची आहे ना? तेव्हा सांगेन कुठे टोचतंय ते. तेव्हा विचारायला माणूस लागेल मला. अहो, दात नसले तरी मी जगेन. असं तोंड घेऊन हिच्यासमोर उभी आहेच की आत्ता.’

दादा पेन्सिल धरून उभा राहिला. मग तो रडला, तोंड झाकून, लहानपणी चादरीखाली कधी रडला नव्हता तसा. वहिनी त्याला धरून उभी होती आणि मी जमिनीवर बसून त्या दोघांची पावलं बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. ‘मी वेडा आहे का?’ दादा तीनदा म्हणाला. ‘वेडे असता तर तुम्हाला घेऊन येणं सोपं गेलं असतं,’ वहिनी म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, हे विचार कधीपासून येतात. दादा म्हणाला, दीड-दोन महिने. मी मध्येच तोंड घातलं आणि सांगितलं, दहाव्या वर्षापासून. चादरीचं सगळं सांगितलं. दादा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याचे कपडे चव्हाट्यावर काढलेत. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. गोळ्या दिल्या, दर गुरुवारी बोलायला बोलावलं, आणि आम्हा दोघींना बाहेर घेऊन सांगितलं की काही आठवडे यांना एकटं सोडू नका. मी माझं स्टूल उचलून त्याच्या टेबलाला खेटून ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

त्या दातांच्या दवाखान्यात जाऊन चिठ्ठी माझी होती हेही मी सांगून आले. डॉक्टर म्हणाले, ‘अच्छा,’ आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. बस. ज्याच्या एका शब्दावर आमच्या घरातला माणूस मरायला निघाला होता, त्याला तो शब्द आठवतही नव्हता.

मोठ्या बाईंकडेही गेले. त्यांनी मला आत बसवलं. ‘दुसऱ्या कवळीनेही त्यांनी मला ओळखलं नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘ते आता ओळखतच नाहीत. मला ते पटवून घ्यायचं नव्हतं, मग मी दातांवर राग काढला.’ मी घरी येऊन दादाला हे सांगितलं. मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. त्याने हातातला जबडा फळीवर ठेवला. मग म्हणाला, ‘तरी तो दात उजवीकडेच हवा होता.’

सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. वाईट दिवस येतात. अजूनही कोणी चांगलं म्हटलं तर तो दोन पायऱ्या एकदम चढतो आणि कोणी बोट दाखवलं तर उतरताना कठडा धरतो. फरक एवढाच की हल्ली तो सांगतो. ‘बुटके, आज आलाय बरं का तो,’ असं खिडकीकडे बघत म्हणतो. मग मी मोटर बंद करते. चांगल्या गोष्टी सांगत नाही. नुसती बसते, कधी वहिनीला वाचनालयात फोन करते, कधी गुरुवारची वाट न बघता डॉक्टरांना. सुरी मी त्याला परत दिली. त्याने ती घेताना माझ्या पॉलिशला नावं ठेवली, तेव्हा मला हायसं वाटलं.

गेल्या महिन्यात वहिनी साठ वर्षांची झाली. सकाळी ती स्वतःच खाली आली, खण उघडला आणि साठ लिहिलेली कवळी काढून दादापुढे बसली. माझ्यासमोर तोंड रिकामं करायला तिला आता काही वाटत नाही. तिने कवळी घातली. डावी बाजू टेकली, उजवी वर राहिली. तिचा जबडा, दादाने प्लास्टर खरवडलं होतं त्या बाजूने झिजलाच नव्हता, दुसऱ्याच बाजूने झिजला होता. दादाने ती काढली, खिडकीशी धरली, अंगठ्याने चाचपली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

‘चुकलो,’ दादा म्हणाला, आणि नवं माप घ्यायला उठला.